आखणीचं कोष्टक

टेमकरांच्या कारखान्यात आखणीच्या खोलीचं दार लागलं की बाहेर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हा नियम यंत्र यायच्या आधीपासूनचा. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही रीत आहे, टेमकरांची ही. माती मळणं, साचे भरणं, रंगकाम, सगळं गप्पा मारत, चहा पीत चालतं. डोळे आखायचे ते मात्र शेवटी, बंद दाराआड, एकट्यानं. डोळे उमटेपर्यंत ती शाडूची मूर्ती असते. नंतर तिच्याकडे पाठ करून उभं राहायला माणूस जरा कचरतो.

त्या दुपारीही दार बंद होतं. आत हेमांगी टेमकर स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिच्यासमोर यंत्राचा सडपातळ हात अडीच फुटी मूर्तीच्या डाव्या डोळ्याची पापणी आखत होता. पापणीच्या टोकाशी तो क्षणभर थांबला, कुंचला केसभर उचलला आणि रेघ हवेत सोडून दिली. अगदी हेमांगी सोडायची तशी.

चार वर्षांपूर्वी हे रेखनयंत्र आलं तेव्हा ते लहान मूर्तींपुरतंच वापरायचं ठरलं होतं. त्याला शिकवण्यासाठी हेमांगीनं महिनाभर बोटात तारांची एक अंगठी घालून डोळे आखले. कुंचल्यावर कुठे किती दाब पडतो, तो किती कलतो, कुठे वेग मंदावतो, हे सारं यंत्रानं टिपून घेतलं आणि त्याचं एक कोष्टक केलं. चारशे बारा खाने, प्रत्येक खान्यात एक आकडा. त्या कोष्टकाला नाव दिलं ‘हेमांगी’. पुढच्या वर्षी धाकट्या जावेचा हात टिपला, त्याचं नाव ‘ऋजुता’. यंत्राला हुकूम द्यायची एक छोटी भाषा होती, ओळीओळीनं लिहायची. तिचा वर्ग भरला तेव्हा अख्ख्या पेणमधून पहिली आली होती हेमांगी. ते प्रशस्तिपत्रक दर्शनी भिंतीवर होतं आणि येणाऱ्याच्या नजरेला ते पडेल अशा बेतानंच खुर्च्या मांडलेल्या होत्या.

मोठ्या मूर्ती हातानंच आखायच्या, असा शिरस्ता. गिऱ्हाईक त्यासाठीच टेमकरांकडे यायचं. पण तीन वर्षांपूर्वी हेमांगीच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप खुळखुळला, मग कुंचला. तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला, श्रीकांतलासुद्धा नाही. मूर्ती, रंग, आखणी कुणाची हे नोंदवणाऱ्या पाटाखालच्या चिठ्ठ्या ती त्याच्याकडून लिहून घ्यायची, “माझा चष्मा कुठं पडलाय देव जाणे” म्हणून. दार बंद असल्यामुळे आत कोण आखतंय हे कोण बघणार? तिचा जुना, न थरथरणारा हात आता फक्त त्या कोष्टकात उरला होता. ते गेलं असतं तर हेमांगी टेमकर म्हणजे दर्शनी भिंतीवरचं एक प्रशस्तिपत्रक, एवढंच राहिलं असतं.

गंमत अशी, की याच काळात लोक म्हणू लागले, “ताई, तुमचे डोळे अलीकडे फार मायाळू व्हायला लागलेत हो.” कोष्टक तर तेच होतं, तिनं एकही खाना बदलला नव्हता. पण कौतुकाची चौकशी कोण करतं? वयानं येते माया, असं म्हणून तिनं ते पदरात पाडून घेतलं.

असं सगळं झाकून चाललं होतं, तोवर नागोठण्याचे प्रधान आले.

प्रधानांच्या घरी अठ्ठावीस वर्षं टेमकरांचा गणपती जायचा आणि त्याचे डोळे अठ्ठावीस वर्षं हेमांगीनंच आखले होते. या खेपेला प्रधानांची सून सोबत होती. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, “या वर्षी डोळे धाकट्या वहिनींच्या हातचे हवेत. त्यांचे जिवंत वाटतात.”

ऋजुता लाजली आणि म्हणाली, “अहो, ताईंसमोर मी कोण?” हे म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. हेमांगी हसली, सगळ्यांना चहा विचारला, आत जाऊन गॅस पेटवला आणि दूध उतू जाईपर्यंत नुसती बघत राहिली.

तिला ऋजुताचं सगळंच सलायचं. ती एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं भुवई ओढायची ते सलायचं. चुकलं तर खदखदून हसायची, ते तर फारच. हेमांगीनं सासूच्या हाताखाली सात वर्षं नुसत्या बुबुळांचे ठिपके दिले होते, तेव्हा कुठे पापणी मिळाली. आणि ही आंजर्ल्याची पोर चित्रकलेचं कॉलेज करून आली, तेहेतीसची व्हायच्या आत लोक नाव घेऊन मागायला लागले. जळफळाट म्हणतात तो हाच. हेमांगीनंही मनातल्या मनात त्याला दुसरं नाव दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्या वेळेला तिनं दार लावलं आणि यंत्रापुढे बसली. घरातल्या घरात कुलपं कशाला, म्हणून सगळी कोष्टकं सगळ्यांना उघडी होती. तिचा विचार सरळ होता. ऋजुताच्या कोष्टकाची प्रत घ्यायची आणि तिला आपलं नाव द्यायचं. तिचं तिला राहील, आपल्याला आपलं होईल. साच्यातून एक मूर्ती काढली म्हणून साचा थोडाच झिजतो? आणि काढलेल्या मूर्तीचा कान मुरगळला म्हणून दुसरीचा मुरगळत नाही. टेमकरांच्या घरात प्रत म्हणजे हे, आणि याहून वेगळं काही असू शकतं हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

तरी ती वर्गात पहिली आलेली बाई. आधी तिनं करून पाहिलं. ‘काजळ’ या नावात रंगाचा क्रमांक होता, पाच. तिनं लिहिलं, ‘नमुना = काजळ’. मग ‘नमुना’ बदलून सात केला. ‘काजळ’ पाचच राहिलं. म्हणजे प्रत वेगळी होते. तिची खात्री पटली आणि तिनं थरथरत्या बोटानं ती ओळ लिहिली.

हेमांगी = ऋजुता

आपल्या जुन्या कोष्टकाचं काय होईल, हा विचार तिला शिवून गेला, नाही असं नाही. पण टेमकरांच्या माळ्यावर आजेसासऱ्यांच्या काळातले साचेदेखील पडून आहेत, कुणी टाकत नाही. तसंच तेही यंत्रात कुठेतरी पडून राहील, लागेल तेव्हा काढू. एवढा विचार करून ती उठली.

त्या आठवड्यात तिच्या नावानं जी मूर्ती झाली तिचे डोळे जिवंत होते. हेमांगीला आनंद व्हायला हवा होता, पण दीर, मंदार, आत डोकावून म्हणाला, “वहिनी, हे अगदी ऋजुताचे वाटतात हो.” आपल्या बायकोचा हात ओळखणारा नवरा, त्यात चूक काय? पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मग तिनं ‘आपल्या’ प्रतीत फेरफार सुरू केले. डोळ्याचा बाहेरचा कोपरा थोडा वर, पापणी थोडी जाड. चोरीचे दागिने आटवून नवीन घडवतात, त्यातला प्रकार.

आणि यंत्र हट्टाला पेटलं. सोमवारी तिनं अठ्ठ्याऐंशीव्या खान्यात चौदा लिहावं, तर मंगळवारी तिथे अकरा. परत चौदा करावं, परत अकरा. एकदा चिडून तिनं अठरा लिहिलं. तीन आठवडे ही झोंबाझोंबी चालली.

इकडे कारखान्यात दुसरीच कुजबुज सुरू झाली. ऋजुताच्या कोष्टकावर निघणाऱ्या लहान मूर्ती रागीट दिसायला लागल्या होत्या. डोळे वटारलेले, जणू कुणी उंबऱ्यावर चप्पल घालून आलंय. एका दुकानदारानं साठ मूर्ती परत पाठवल्या. ऋजुता एकेक मूर्ती घेऊन हातानं दुरुस्त करत बसायची, खदखदून हसणं कधीच बंद झालं होतं. तिचं मनगट सुजलं.

हेमांगीला बरं वाटलं. हे लपवून काय उपयोग? तिला फार बरं वाटलं. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. आकड्यांनी भरलेलं कोष्टक आपणहून कसं बिघडेल, हा प्रश्न वर्गात पहिल्या आलेल्या बाईला पडायला हवा होता. पण दुसऱ्याचं वाईट होत असलं की माणूस कारण विचारत नाही.

प्रधान मंडळी मूर्ती न्यायला चार वाजता येणार होती, त्या दिवशी दुपारी ऋजुता तिच्याकडे आली. सुजलेल्या मनगटाला पट्टी बांधलेली.

“ताई, तुम्हाला त्या भाषेतलं कळतं. जरा बघता का? मी रोज नीट करते आणि दुसऱ्या दिवशी परत बिघडलेलं असतं. मला वेड लागायची पाळी आलीय.”

“काय बिघडलेलं असतं?”

“हे बघा ना. हा अठ्ठ्याऐंशीवा खाना. माझा आकडा अकरा. कोण जाणे कसा, कधी चौदा होतो, कधी अठरा.”

ऋजुतानं तिच्यासमोर अठराचे अकरा केले. हेमांगीनं ‘हेमांगी’ उघडलं, अठ्ठ्याऐंशीवा खाना पाहिला. अकरा. मग तिनं यंत्राला विचारलं, ही दोन एकच आहेत का? पडद्यावर उत्तर आलं, ‘हो’.

“आलेच मी,” एवढं म्हणून ती माळ्यावर गेली. तिथं जुन्या साच्यांमध्ये बसून तिनं वर्ग घेणाऱ्या सोनटक्के मॅडमना फोन लावला आणि एका मैत्रिणीचं नाव करून सगळी हकीकत सांगितली.

“अहो, सगळे हेच करतात,” मॅडम पलीकडून म्हणाल्या. “नाव म्हणजे डबा नव्हे, दावं आहे असं समजा. आकडा एवढासा असतो, तो सरळ उतरवून दिला जातो. कोष्टक म्हणजे गाय. तुमच्या मैत्रिणीनं नवी गाय नाही आणली, त्याच गायीला आणखी एक दावं बांधलं. कुठल्याही दाव्यानं ओढा, गाय तीच.”

“आणि वेगळं हवं असलं तर?”

“रिकामं कोष्टक करायचं आणि एकेक खाना भरायचा. दुसरा मार्ग नाही.”

हेमांगीनं ओठ ओले केले. “तिचं स्वतःचं जुनं कोष्टक होतं मॅडम. त्याच नावात. ते कुठं असेल?”

“त्याला दुसरं कुठलं नाव होतं?”

“नाही.”

“मग नाही हो. ज्याला एकही दावं उरत नाही ते यंत्र झाडून टाकतं, जागा मोकळी करायला. जतन केलेली प्रत आठवडाभर राहते. किती दिवस झाले म्हणालात?”

“तीन आठवडे,” हेमांगी म्हणाली आणि फोन मांडीवर ठेवला. तिच्याभोवती नव्वद वर्षांचे साचे होते. उंदरांनी कुरतडलेले, तडे गेलेले, एकही फेकलेला नाही. आपला हात मात्र तिनं स्वतःच्या हातानं सोडून दिला होता. कुणी चोरला नाही, कुणी मोडला नाही. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्या बाईच्या गोष्टी ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि त्यांना हसतही आली होती. ती तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

खाली आली तेव्हा ऋजुता तिथंच बसली होती. हेमांगीनं दार लावलं. मग तिनं उजवा हात पुढे केला आणि पहिल्यांदाच तो दाबून न धरता तसाच थरथरू दिला.

“तीन वर्षं झाली,” ती म्हणाली. “मोठ्या मूर्तीदेखील यंत्रच करतंय. आणि तुझे आकडे बिघडत नव्हते, मी बिघडवत होते. तुझे डोळे मी घेतले ऋजुता. मला तुझं बघवत नव्हतं. माझे होते ते या भानगडीत गेले, कायमचे. आता तू काय बोलायचं ते बोल.”

ऋजुतानं त्या हाताकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती यंत्राकडे वळली आणि नावांची यादी खाली खाली सरकवत गेली. रंग, कुंचले, मापं, आणि अगदी तळाशी एक नाव, ‘धडा’.

“हे काय?”

“दोन वर्षांपूर्वी मीही एक ओळ लिहिली होती,” ऋजुता म्हणाली. “धडा, बरोबर, हेमांगी. तुम्हाला न विचारता. मला वाटलं प्रत झाली.”

हेमांगीला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग ती स्टुलाला धरून खाली बसली. तिनं आपलं दावं सोडलं होतं, पण या पोरीचं दावं त्या गायीच्या गळ्यात तसंच होतं. म्हणून यंत्रानं ते झाडलं नव्हतं.

“कशाला घेतलंस?”

“जळायचे मी तुमच्यावर.” ऋजुता हे अगदी सरळ म्हणाली. “लोक मला म्हणतात जिवंत, जिवंत. पण तुमच्या मूर्तीपुढे म्हातारी माणसं डोळे पुसतात, ताई. माझ्या मूर्तीपुढे फोटो काढतात. कॉलेजात शिकून जे येत नाही ते काय आहे, हे मला बघायचं होतं. रोज दुपारी टाकाऊ मूर्तींवर गिरवायचे.”

“काढ,” हेमांगी म्हणाली. “टाकाऊवर काढून दाखव.”

“टाकाऊवर नको.” ऋजुतानं कोपऱ्यातली प्रधानांची मूर्ती यंत्रापुढे आणली. “माझ्या मनगटानं आज होणार नाही. आणि माझं कोष्टक तुम्ही कुठे कुठे बदललंत ते तुम्हालाही आठवत नसेल. हीच घेऊ.”

यंत्राचा हात हलला. त्या खोलीत दोन माणसं एकत्र बसून डोळे आखले जात आहेत, असं टेमकरांकडे पूर्वी कधी घडलं नव्हतं. पापणी आली, टोकाशी क्षणभर थांबली, रेघ हवेत सुटली. हेमांगी पुढे झुकली. आपलाच हात, न थरथरणारा. मग खालची रेघ आली; एरवी पापणी झाली की हेमांगी नजर वळवायची, आज पहिल्यांदाच ती पुढचं बघत होती. ती डोळ्याच्या मध्यावर किंचित सैल होत होती, दमलेल्या माणसाला जवळ घेताना चेहरा सैल होतो तशी.

“ही माझी नाही,” हेमांगी पुटपुटली. “मी खालची रेघ ताठ काढते. सासूबाईंची शिकवण.”

ऋजुतानं मान खाली घातली. “मला ती कडक वाटायची. म्हणून माझ्या प्रतीत... म्हणजे मला वाटलं माझ्या प्रतीत, मी ती सैल केली. आणखीही बरंच केलं. बुबुळ जरासं खाली आणलं. दोन वर्षं करतेय.”

मायाळू. वयानं आलेली माया. दोन वर्षं पदरात पाडून घेतलेला एकेक शब्द हेमांगीला आठवला आणि पुन्हा तीच जुनी आग भडकली. म्हणजे ते कौतुकसुद्धा हिचंच? पण मग जिच्या मूर्तीपुढे म्हातारी माणसं रडतात म्हणून ही जळायची, ती हेमांगी तरी कोण? तिला हसावं की ओरडावं कळेना.

“ताई, मी वेगळं करून देते,” ऋजुता घाईनं म्हणाली. “खरोखरचं वेगळं, एकेक खाना भरून. जे तुमचं आहे ते तुमच्या नावात, मी घातलेलं सगळं काढून. फक्त कुठले आकडे तुमचे आणि कुठले माझे, ते सांगा. मला आता ओळखू येत नाहीत.”

हेमांगीनं पडद्याकडे पाहिलं. चारशे बारा आकडे. अकरा, छत्तीस, नऊ, दोनशे चार. एकावरही कुणाचं नाव नव्हतं. ती वरून खालपर्यंत वाचत गेली आणि विसाव्या खान्याशीच थांबली.

बाहेर पावलं वाजली. प्रधान मंडळी आली होती. ऋजुतानं दार उघडलं. प्रधानांची सून आत आली, मूर्तीपुढे उभी राहिली आणि हातातला फोन फोटोसाठी उचलता उचलता तसाच खाली ठेवला. तिच्यामागे म्हातारे प्रधान होते. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“अगदी असेच हवे होते,” सून हळूच म्हणाली. मग पाट कलता करून खाली बघितलं. “चिठ्ठी नाही लावलीत? मूर्ती अमुक, रंग तमुक असं लिहिता ना तुम्ही. कुणाच्या हातचे आहेत हे डोळे?”

श्रीकांत दारातून कोरी चिठ्ठी आणि पेन घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “सांग, काय लिहू?”

हेमांगीनं त्याच्या हातातून पेन घेतलं. हात सगळ्यांसमोर थरथरत होता. श्रीकांत त्या हाताकडे बघतच राहिला. ऋजुतानं पाट पुढे सरकवला, पण पेन घ्यायला हात पुढे केला नाही. ‘आखणी’ एवढा शब्द वाकड्यातिकड्या अक्षरांत कसाबसा उतरला. मग पेनाचं टोक कागदावर टेकून राहिलं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होऊ लागला.

तिनं मान वर करून जावेकडे पाहिलं.

“बोल गं,” ती म्हणाली, “कुणाचं नाव घालू?”